शिवेवर अडकलेला गाडा

नारळ फुटला की मला प्लेग आठवतो. घरातल्यांना वाटतं, म्हातारीचा एखादा स्क्रू ढिला झालाय. वाटू दे. निवृत्त झाले तेव्हा मला शाल आणि नारळ मिळाला, तो फोडतानाही मी एकटीच हसत सुटले आणि मग डोळे पुसत बसले. सून म्हणाली, ‘आई, चटणी करायची का बर्फी?’ तिला काय सांगणार, कप्पाळ?

नव्वदच्या दशकात मी पाथर्डी तालुक्यातल्या एका गावात नर्स होते. तिसगावहून काळ्यापिवळ्या जीपमध्ये कोंबून घ्यायचं, फाट्यावर उतरायचं आणि पुढं धुरळा तुडवत चालायचं. माझं माहेर नेवाशाकडचं, ख्रिस्ती. वडील शाळामास्तर, रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवायचे. गावात रुजू झाले त्या दिवशी एका म्हातारीनं विचारलं, ‘बाई, तुमचा द्येव कंचा?’ मी सांगितलं. ती थोडा वेळ विचार करून म्हणाली, ‘आसू द्या. सुई दुकनार ती दुकनारच.’ तिथंच आमचं जमलं.

चौऱ्याण्णव साली भाद्रपदात शेजारच्या बीड जिल्ह्यात उंदीर पडल्याची बातमी आली, मागोमाग सुरतेची आली, आणि सगळ्यांची पाचावर धारण बसली. रेडिओ बोलायला लागला की लोक त्याच्यापासूनसुद्धा चार हात लांब बसायचे. नगरहून हुकूम सुटला की घरोघर फिरा आणि साथ मोजा. ताप किती, जांघेत नाहीतर काखेत गाठ किती, मेलेले उंदीर किती. रोज दुपारी आकडा केंद्रावर, तिथून फोननं नगरला, तिथून आणखी वर. वर कुठं, ते देवाला ठाऊक.

आमचे डॉक्टर पुण्यात शिकलेले, माझ्याहून लहान, नवीनच लागलेले. स्वभावानं वाईट नव्हते, भित्रे होते. तोंडाला दोन दोन मास्क बांधायचे आणि चहा प्यायची वेळ आली की मास्क वर करायचा का खाली, ह्याच विचारात चहा गार करायचे. ते मला म्हणाले, ‘सिस्टर, आकडा नीट आणा.’ नीट म्हणजे खरा का कमी, हे मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

गावाचं दुखणं वेगळंच होतं. आमचं गाव दिवाळी झाली की रिकामं व्हायचं. जोडपीच्या जोडपी पोराबाळांसकट ऊस तोडायला कारखान्यावर जायची. मुकादम ट्रक घेऊन यायचा आणि टोळी उचलायचा. त्या मुकादमानं सांगावा धाडला होता की ज्या गावात एक जरी गाठ निघाली, त्या गावात ट्रक येणार नाही. ट्रक नाही म्हणजे ऊस नाही, आणि ऊस नाही म्हणजे चुलीवर काय ठेवणार? त्यामुळं आमच्या गावात कुणाला ताप नव्हता. औषधाला नव्हता. एरवी शिंक आली तरी दारात रांग लावणारी माणसं मला बघून कडब्याच्या गंजीमागं जायची. म्हातारे थर्मामीटर काखेत धरला की श्वास रोखून धरायचे, ताप म्हणजे उचकी असल्यासारखा. एक बाबा तर मला म्हणाले, ‘बाई, आंग गरम हाय ते रागानं हाय. सून बोलली सकाळी.’

उंदरांची तर वेगळीच गंमत. आमच्या गावाच्या आणि पलीकडच्या गावाच्या मध्ये एक नाला, तीच शीव. आमच्याकडं उंदीर मेला की लोक शेपटी धरून तो नाल्यापलीकडं भिरकवायचे. पलीकडचे कमी होते काय? ते सकाळी त्यांचे आणि आमचे मिळून परत फेकायचे. पलीकडच्या गावचं आरोग्य केंद्र वेगळं, तिथली नर्स वेगळी. आम्ही दोघी नाल्याच्या दोन काठांवर उभ्या राहून उंदीर मोजायचो आणि एकमेकींकडं खाऊ का गिळू करून बघायचो. नगरच्या साहेबांनी विचारलं, एकाच दिवसात उंदीर दुप्पट कसे झाले? मी म्हटलं, साहेब, त्यातला एक मला ओळखीचा वाटतोय.

अशात मला ती पोरगी सापडली.

पोरगीच म्हणायची, अंगावर पिणारं लेकरू असलं तरी. पलीकडच्या गावची लेक, आमच्या गावात दिलेली, नवरा दिवाळीपर्यंत विहिरीच्या कामावर लांब गेलेला. सासूनं तिला गोठ्यात वैरणीमागं लपवलं होतं. मी दारातनं परत फिरत होते, तेवढ्यात लेकरू रडलं आणि वैरणीतनं आवाज आला, ‘आले रं राजा.’ वैरण कधी बोलते होय? मी सरळ आत गेले. अंगात ताप फणफणलेला. तळपायाला फडकं बांधलेलं. सोडून बघते तर पाय टरटरून सुजलेला, मध्ये पांढरं तोंड धरलेलं. बाभळीचा काटा मोडून आत राहिला होता. जांघेत हात लावला तर गाठ.

‘अवधान आलंय,’ मी म्हटलं. पायाला जखम झाली, पिकली, की जांघेत गाठ येते. आपल्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत असतं. सासू लगेच म्हणाली, ‘व्हय बाई, अवधानच. मी कवाधरनं म्हनतीया.’

पण हुकुमात काट्याचा रकाना नव्हता. ताप आणि गाठ, संपलं. मी ताप एक, गाठ एक लिहिलं आणि खाली आडव्या ओळीत लिहिलं, ‘पायात काटा मोडल्यामुळे.’ डॉक्टरांनी वाचलं आणि दोन मास्कांच्या आत त्यांचा चेहरा पडला. ‘सिस्टर, हे वर गेलं तर वरच्यांना काटा दिसणार नाही, गाठ दिसेल.’ तेही खरंच होतं. त्यांनी तो आकडा टेबलावरच ठेवला. पण केंद्रावरच्या शिपायाच्या तोंडात तीळ भिजत नव्हता. दिवस मावळायच्या आत गावात बोंब उठली की गाठ निघाली.

मारुतीच्या पारावर बैठक बसली. सरपंच मध्ये, बाकीचे भोवती, आणि सगळ्यांच्या डोळ्यांपुढं तो न येणारा ट्रक. ठरलं असं की पूर्वापार करत आले ते करायचं. मरीआईचा गाडा काढायचा.

ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी सांगते. गावात पटकी, देवी, काहीही रोग आला की सुतार एक छोटा लाकडी गाडा करतो. त्यात मरीआईला बसवतात, हिरवा खण, हिरव्या बांगड्या, लिंबं, नारळ, दहीभाताचा नैवेद्य. वाजतगाजत गाडा शिवेवर न्यायचा, पलीकडच्या हद्दीत ढकलायचा आणि मागं न बघता घरी यायचं. मग पलीकडचं गाव त्याची पूजा करून तो आणखी पुढं ढकलतं. असा रोग गावोगाव पुढं सरकतो. शेवटच्या गावानं काय करायचं, हे कुणी कधी विचारलेलं नाही. मी हसले नाही, कारण आमचं खातंही तेच करत होतं, फक्त बांगड्या नव्हत्या.

पण शुक्रवारी गाडा निघाला तेव्हा त्याच्या मागं त्या पोरीलाही चालवलं. म्हणे माहेरी जाऊ दे चार दिवस. म्हणजे गाठ पलीकडच्या गावाच्या नावावर. सासूनं लेकराला कडेवर आवळून धरलं आणि दिलं नाही. ‘त्याला न्हाई न्हेऊ द्यायची. माझा येकच नातू हाय.’ पोरगी लंगडत, मागं वळून वळून बघत चाललेली, चोळीचा पुढचा भाग दुधानं भिजलेला. मी मिरवणुकीच्या बाजूनं ओरडत चालले होते, ‘अरे, काटा आहे तो, काटा!’ हलगीच्या आवाजात कोण ऐकतंय?

नाल्यावर पोचलो तर पलीकडं माणसं काठ्या घेऊन उभी. त्यांच्यात तिचा सख्खा भाऊ. त्यांचाही मुकादम होता, त्यांनाही ट्रक पाहिजे होता. तो ओरडला, ‘गाडा न्हाई यिऊ द्यायचा! आन तूबी हिकडं यिऊ नगं!’ बहिणीकडं बघत नव्हता, तिच्या डोक्यावरनं मागच्या डोंगराकडं बघत होता. ती म्हणाली, ‘दादा, माझ्या पायात काटा हाय रं.’ त्यानं काठी आडवी धरली. मला त्याच्या एक कानाखाली काढावीशी वाटली, पण नाला मध्ये होता.

झालं. वाजवणारे वाजवायचे थांबले. गाडा तिथंच कडुलिंबाखाली सोडला, मागं न बघता लोक घरी गेले. झाडाजवळ कुणाची तरी पडकी खोप होती, पोरीला तिथं टेकवलं. अलीकडं जायला बंदी, पलीकडं जायला बंदी. मरीआई आणि ती, दोघी शिवेवर.

मी पलीकडच्या नर्सला हाक मारली. ती म्हणाली, ‘माझ्या लोकसंख्येत ती नाही. लग्न झालं तेव्हाच तिचं नाव कमी केलंय.’ मी डॉक्टरांकडं गेले. ते म्हणाले, ‘ती गावाच्या वस्तीत राहत नाहीये ना? म्हणजे स्थलांतर झालं.’ वाहवा! अर्ध्या मैलाचं स्थलांतर, आणि तेही लंगडत. मी अशी काही बोलले की शेवटी डॉक्टर जीप घेऊन यायला तयार झाले.

आले, पण उतरले नाहीत. जीपच्या काचेला दोन बोटांची फट ठेवून त्यांनी तपासणी सुरू केली.

‘गाठ केवढी आहे?’

‘सुपारीएवढी,’ मी ओरडले.

‘सुपारी असेल तर अवधान. लिंबाएवढी झाली तर केस धरावी लागेल.’

‘सुपारीपेक्षा थोडी मोठी आहे.’

‘म्हणजे केवढी?’

पोरगी एवढ्या तापात खोपीतनं म्हणाली, ‘आवळ्याएवढी लिवा.’

डॉक्टरांना आवळा कुठं बसतो ते कळेना. पण त्यांनी पेनिसिलीनची खोकी काचेतनं दिली, हे मी त्यांच्या नावावर जमा धरते. पुष्कळांनी तेवढंही दिलं नसतं. ‘रोज सुई द्या, सिस्टर, आणि गाठीवर लक्ष ठेवा.’ धुरळा उडवत जीप गेली.

तेव्हापासून माझा रोजचा रस्ता ठरला. सकाळी गावात तापाचे खोटे आकडे गोळा करायचे, मग शिवेवर जाऊन एक खरा ताप उतरवायचा. मिठाच्या गरम पाण्यात पाय, मग सुई, मग फडकं. काटा निघाला त्या दिवशी पूचा फवारा माझ्या साडीवर आला आणि मला इतका आनंद झाला की मी ‘हालेलूया’ म्हणाले. ती म्हणाली, ‘त्ये काय?’ मी म्हटलं, ‘आमच्यात काटा निघाला की म्हणतात.’

पण तिचं लक्ष पायात नव्हतंच. पहिल्या दिवसापासून ती एकच विचारायची, ‘बाई, मला घरी कवा सोडतील? दूद आटंल माझं.’ छाती दगड झालेली, तटतटलेली. लेकरू नाही, मग करणार काय? पिळून मातीत सोडायची. मातीवर पांढरे डाग पडायचे आणि मुंग्या यायच्या. मी वाटीत काढून घराकडं नेलं, तर सासूनं वाटी घेतली नाही, उंबऱ्यातनंच म्हणाली, ‘नगं बाई, हात जोडते.’ लेकरू तिच्या कडेवर, मला बघून टाळ्या वाजवत होतं. वाटी परत आणली. त्या दिवशी मी परतीच्या रस्त्यात मोठ्यानं देवाशी भांडले. कुठल्या, ते विचारू नका, जो ऐकत असेल त्याच्याशी.

खायचं म्हणाल तर तिथं चंगळ होती. गाडा पुढं सरकला नाही म्हणजे मरीआई रागावली, असं दोन्ही गावांनी धरलं. मग अलीकडचे लोक रोज नैवेद्य ठेवायला लागले, आणि आपण मागं पडू नये म्हणून पलीकडचेही. ठेवायचा, हात जोडायचे, मागं न बघता पळायचं. दहीभात, पुरणपोळी, नारळ. दुसऱ्या दिवशी ताट चाटून पुसून लख्ख. गावात बोभाटा झाला, ‘मरीआई जेवती!’ मरीआई कसली जेवतेय? हीच भवानी हादडत होती. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा तिच्या तोंडात खोबरं होतं. ती घाबरली. ‘बाई, पाप लागंल का वो?’ मी म्हटलं, ‘माझ्याकडं बघून विचारतेस होय? मला एक तुकडा दे.’ दोघींनी मिळून मरीआईचा नारळ खाल्ला. गोड होता.

एक दिवस नैवेद्यात भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा आला. मी म्हटलं, ‘मरीआईला ठेचा कधीपासून लागायला लागला?’ ती भाकरीकडं बघतच राहिली. मग म्हणाली, ‘आत्यानं धाडलाय. मला लई आवडतो.’ सासूला ती आत्या म्हणायची. ठेचा खाता खाता रडली. तिखट होता म्हणाली.

ताप उतरला. गाठ आवळ्याची सुपारी झाली, सुपारीचं बोर झालं आणि मग हाताला लागेनाशी झाली. पाय टेकवून चालायला लागली. मी सरपंचांकडं गेले. ‘आता घ्या तिला गावात.’

सरपंचांनी पान लावलं. ‘बाई, तुमचं खरंय. पन लोकं आयकनार न्हाईत. डाक्टरचा कागूद आना, बरी झाली म्हनून.’

मी तशीच केंद्रावर गेले. डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं. ‘सिस्टर, ती आपली केस होती का?’

‘नव्हती. तुम्हीच लावली नाहीत.’

‘मग जी केस नव्हती ती बरी झाली असं मी कसं लिहू? उद्या कुणी विचारलं, हिला झालं काय होतं, तर?’

‘मग आजारी नव्हती असं लिहा.’

‘असा दाखला एकीला दिला की सगळा तालुका दारात येईल. आणि परवा साहेब येतायत.’

माझी तळपायाची आग मस्तकाला गेली. म्हणजे आजारी म्हणून हाकलायला कागद लागला नाही, घरी यायला लागतोय! मी परत शिवेवर गेले. ती खोपीत बसून छाती पिळत होती. थेंब आला, दुसरा यायला वेळ लागला. ‘बाई, आटतंय,’ ती म्हणाली. एवढंच. मला तिच्यावरच राग आला, का ते माहीत नाही. ‘पिळत राहा!’ मी खेकसले आणि परत सरपंचांच्या दारात.

‘कागद मिळत नाही. दुसरं काय चालेल ते बोला.’

त्यांनी तोंडातलं पान थुंकलं. वाईट माणूस नव्हता. शेवटी म्हणाले, ‘खरं सांगू का? कागूद आनला तरी लोकं म्हननार, गाडा हलला का? मरीआई शिवंवर बसलीया तवर रोग हितंच हाय.’

‘म्हणजे गाडा हलला की हिला घ्याल?’

‘घिऊ की. पन पलीकडची न्हेऊ देत न्हाईत.’

‘पलीकडं कशाला? तुमच्या शिवेच्या बाहेर गेला म्हणजे झालं ना? कुठंही?’

‘कुठंबी.’

आमचं आरोग्य केंद्र डांबरी रस्त्याला, तिसऱ्याच गावाच्या हद्दीत होतं. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघींनी गाडा हलवला. ती पुढून दोरी ओढतेय, मी मागून ढकलतेय. मास्तरची लेक, बायबल तोंडपाठ, आणि मरीआईच्या गाड्याला खांदा! आईला कळलं असतं तर तिनं आख्ख्या चर्चला माझ्यासाठी गुडघे टेकायला लावले असते. चाकं सुतारानं घाईत केलेली, एक वाकडं. गाडा बांधाकडं पळायचा, मी शिव्या घालून सरळ करायचे. ती म्हणाली, ‘बाई, द्येवीला शिव्या घालताय.’ मी म्हटलं, ‘चाकाला घालतेय, तिनं ऐकू नये.’ डांबरीवर पाथर्डीकडं जाणारी जीप थांबली, टपावरच्या लोकांनीसुद्धा हात जोडले. ड्रायव्हरनं विचारलं, ‘कुठं चालली आई?’ मी म्हटलं, ‘दवाखान्यात.’

केंद्राच्या दारात, पायरीला लावून, गाडा सोडला. डॉक्टर बाहेर आले. ‘हे काय आहे?’

‘पेशंट आहे. भरती करून घ्या. कुणाच्या लोकसंख्येत बसते ते तुम्ही बघा.’

डॉक्टर शिपायाला म्हणाले, उचल. शिपाई म्हणाला, नोकरी घ्या पण हात लावायला सांगू नका. केंद्राचा ड्रायव्हर तर जीपच्या पलीकडं गेला. पुण्याला शिकलेल्या डॉक्टरांनी स्वतः उचलायला हात पुढं केला आणि अर्ध्यावरनं मागं घेतला. गाडा तिथंच राहिला. दुसऱ्या दिवशी नगरचे साहेब आले, गाडीतनं उतरले, गाड्याकडं बघितलं, इकडंतिकडं बघितलं, आणि पायातले बूट काढून हात जोडले. मग बूट घालून आत गेले आणि विचारलं, ‘गाठी किती?’

‘एकही नाही, सर,’ डॉक्टर म्हणाले.

इकडं गावात बातमी माझ्या आधी पोचली होती. मरीआई सरकारकडं गेली! आता सरकार आणि ती बघून घेतील. लोक खूश. पोरगी वेशीतनं आत आली तेव्हा कुणी अडवलं नाही. सासू उंबऱ्यात भाकरतुकडा घेऊन उभी होती. ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं, आणि लेकरू पुढं केलं. लेकरानं आईकडं बघितलं आणि भोकाड पसरून आजीच्या मानेला मिठी मारली. पोरगी हसली. ‘वळखना व्हय रं मला?’ मग बळंच घेतलं, कोपऱ्यात बसली, पदराखाली लावलं. त्यानं ओढून बघितलं. पुन्हा ओढलं. मग चावलं आणि तोंड फिरवून रडायला लागलं. तिनं दुसऱ्या बाजूला घेतलं. तिथंही काही नव्हतं. मी सासूकडं बघितलं, सासू चुलीकडं बघत होती. मी म्हटलं, ‘येईल, घेत राहा, लावत राहा,’ आणि मेथीचे लाडू सांगितले, शतावरी सांगितली, माहीत होतं ते सगळं सांगितलं. आलं नाही.

दसऱ्यानंतर नगरला कार्यक्रम झाला. आमच्या भागात साथ शिरू दिली नाही म्हणून डॉक्टरांना शाल आणि नारळ मिळाला. माणूस कोडगा नव्हता. केंद्रावर आले, शाल खुर्चीवर टाकली आणि नारळ माझ्या हातात दिला. ‘सिस्टर, हा तुमचा.’ मी नको म्हटलं नाही. मला त्या नारळाचं काय करायचं ते माहीत होतं.

मी तो घेऊन गावात गेले तेव्हा ट्रक आले होते. दिवाळी झालेली, टोळी निघालेली. भांडी, पेंड्या, कोंबड्या, पोरं, सगळं वर चढत होतं. तिची सासू दोरीला धरून एक शेळी ट्रकात ढकलत होती आणि मुकादम कोकलत होता, ‘म्हातारे, ट्रक मानसांसाठी हाय का शेरडांसाठी?’ म्हातारी म्हणाली, ‘माझा नातू हिच्यावर हाय. ही न्हाई आली तर आमीबी न्हाई.’ शेळी चढली.

पोरगी ट्रकच्या मागच्या फाळक्याला टेकून उभी होती. नारळ बघून तिचे डोळे चमकले. ‘मरीआईचा?’

‘सरकारचा.’

तिनं तो कोयत्याच्या पाठीनं तिथंच फोडला, पहिला तुकडा मला दिला. ‘सरकारनं कशापायी दिला?’

‘आपल्याकडं एकही गाठ निघाली नाही म्हणून.’

‘येकबी न्हाई?’

‘एकही नाही. वर तसंच लिहिलंय.’

खोबरं चावता चावता ती थांबली. वर ट्रकात शेळीच्या पोटाला टेकून लेकरू वाटीतनं पीत होतं. तिनं त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. रागानं नाही, खरोखरच विचारावं तसं विचारलं.

‘म्हंजी मी न्हवतेच. मग माझं दूद कुनी न्हेलं, बाई?’

मुकादमानं शिट्टी मारली. ती चढली, शेळीला सरकवून लेकराशेजारी बसली, आणि ट्रक हलला. माझ्या तोंडात खोबऱ्याचा तुकडा तसाच होता.